स्नेहसिद्धीची लक्षणे आणि आम्लमूल्य

स्नेहपाक सिद्ध झाल्याची लक्षणे शार्ङ्गधरसंहितेत सांगितली आहेत. कल्काची वर्ती वळणे, ती अग्नीवर टाकली असता आवाज न होणे, तैलावर फेन येणे व घृतावरील फेन शमणे ही लक्षणे आपणा सर्वांच्या परिचयाची आहेत. त्यांपैकी आवाज न होणे म्हणजे जलांश न उरणे. या लक्षणाचे महत्त्व जीवरसायनशास्त्राच्या आधारे अधिक स्पष्ट होते.

स्नेहाचा रेणू ग्लिसरॉल व त्यास जोडलेली तीन मेदाम्ले यांचा बनलेला असतो. जलांश राहिल्यास साठवणुकीत हे बंध तुटून मेदाम्ले मुक्त होऊ लागतात. १ ग्रॅम स्नेहातील मुक्त आम्लांचे उदासिनीकरण करण्यास जितके मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागते, ते त्या स्नेहाचे आम्लमूल्य होय.

पद्धती : सुमारे ५ ग्रॅम तैल अचूक वजन करून, आधी उदासीन केलेल्या अल्कोहोल व ईथरच्या मिश्रणात विरघळवावे. फेनॉल्फ्थॅलीनचे थेंब घालून, ब्युरेटमधून ०.१ नॉर्मल पोटॅशियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने सोडावे. हलवूनही फिकट गुलाबी रंग काही सेकंद टिकला की थांबावे. लागलेल्या मिलिलिटरला ५.६१ ने गुणून तैलाच्या वजनाने भागावे. उदाहरणार्थ, ५ ग्रॅम तैलास ४ मि.लि. लागल्यास आम्लमूल्य ४.४९ येते.

सिद्ध तैलाचा गडद रंग गुलाबी छटा झाकतो. अशा वेळी तैल कमी घेऊन मिश्रण वाढवावे अथवा पीएच मीटरचा आधार घ्यावा. वनस्पतींतील काही आम्ल घटकही तैलात उतरतात. म्हणून केवळ मूर्च्छित तैलाच्या आकड्याशी तुलना करणे युक्त नाही.

खवटपणाचे दुसरे कारण हवेतील ऑक्सिजन. त्यासाठी पेरॉक्साइड मूल्य पाहतात. मात्र पेरॉक्साइडे पुढे विघटित होऊन उग्र गंधाची द्रव्ये तयार होतात व हे मूल्य पुन्हा घटते. त्यामुळे जुन्या तैलाचे कमी पेरॉक्साइड मूल्य हे ताजेपणाचे प्रमाण मानू नये.

तात्पर्य, एकट्या आकड्यास फारसा अर्थ नाही. औषधनिर्मात्यांनी प्रत्येक घाण्याची दोन्ही मूल्ये पाकानंतर लगेच नोंदवावीत, नमुना राखून ठेवावा व ठरावीक अंतराने पुन्हा तपासावा. आम्लमूल्य वेगाने वाढत असेल, तर पाकात जलांश राहिला होता काय, हे प्रथम पाहावे. अभ्यंगापेक्षाही स्नेहपानासाठी दिल्या जाणाऱ्या घृताबाबत ही दक्षता अधिक आवश्यक आहे, कारण ते रुग्णाच्या कोष्ठात जाते.