स्वस्त पाटीचा पहिला स्पर्श

५ ऑक्टोबर २०११ रोजी नवी दिल्लीत तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिबल यांनी काही विद्यार्थ्यांच्या हाती ‘आकाश’ नावाचा टॅबलेट संगणक ठेवला, तेव्हा जगातील सर्वांत स्वस्त टॅबलेट म्हणून त्याची द्वाही देशभर फिरली. सरकारला तो २,२७६ रुपयांना पडला होता आणि विद्यार्थ्याला त्याहूनही कमी किमतीत मिळावा, असा संकल्प होता. आदल्याच वर्षी ॲपलचा आयपॅड बाजारात आला होता. त्याची अमेरिकेतील किंमत ४९९ डॉलरपासून सुरू होत असे. एका आयपॅडच्या पैशांत दहा आकाश घेता आले असते. दहापटींचा हा हिशेब सत्ताधाऱ्यांना भुरळ घालणारा होता आणि वृत्तपत्रांनाही तो कमी आवडला नाही.

अशा घोषणांचा पूर्वेतिहास फारसा उमेद देणारा नव्हता. फेब्रुवारी २००९ मध्ये तिरुपती येथे दहा डॉलरचा लॅपटॉप दाखविला जाणार म्हणून मोठा गाजावाजा झाला. प्रत्यक्षात समोर आले ते माहिती साठवून ठेवणारे एक उपकरण. त्याला लॅपटॉप म्हणणे कठीण होते. जुलै २०१० मध्ये पस्तीस डॉलरच्या टॅबलेटचा नमुना सिबल यांनी दाखविला. आकाश हा त्याच मालिकेतला, परंतु हाताळता येईल असा पहिला पदार्थ. डेटाविंड कंपनीने तो पुरविला आणि देखरेख होती राजस्थानच्या आयआयटीची.

हाती घेतल्यावर त्याने निराशा केली नाही. सात इंचांचा पडदा, सुमारे साडेतीनशे ग्रॅम वजन, एखाद्या जाडजूड वहीएवढा आकार. दोन पूर्ण आकाराची यूएसबी द्वारे ही तर चैनच म्हटली पाहिजे. कळफलक जोडावा, पेनड्राइव्ह लावावा. आयपॅडला अशी सोय नव्हती. कुरकुर सुरू झाली ती बोट पडद्यावर टेकल्यानंतर. हा पडदा दाबाने चालणारा होता. पारदर्शक पापुद्र्यांचे दोन थर एकमेकांवर असतात; वरचा दाबला गेला आणि खालच्याला टेकला म्हणजे यंत्राला जागा कळते. हलका स्पर्श त्याला पुरत नाही. महागड्या पडद्यांना बोटातील विद्युत्प्रभाव जाणवतो, म्हणून तेथे बोट नुसते फिरविले तरी पान सरकते. आकाशला नख रोवावे लागे. (दाबाच्या पडद्याचा एक गुण मात्र नमूद केला पाहिजे: नख, पेन्सिलचे बोथट टोक, घट्टे पडलेले बोट, त्याला सारे सारखेच.) शिवाय ३६६ मेगाहर्ट्‌झचा प्रक्रियक आणि २५६ मेगाबाइट स्मृती. आज्ञा दिली, की ती पोहोचली अथवा नाही याची वाट पाहत बसावे. विद्युत्‌घट फार तर तीन तासांचा सोबती.

ज्यांनी पूर्वी अन्य यंत्रे वापरली होती त्यांनी हा दोष तत्काळ यंत्राच्या पदरी घातला, आणि तो रास्तच होता. तथापि आकाश त्यांच्यासाठी नव्हते. ज्याने आयुष्यात कधी संगणकाला हात लावलेला नाही, अशा मुलाकडे तुलनेला दुसरे काहीच नसते. तीनदा दाबूनही पान उलटले नाही, तर यंत्र मंद आहे असे त्याच्या मनात येत नाही. आपल्याला हे जमत नाही, असेच येते. सरकारने दिलेली वस्तू बिघडली तर काय, या भीतीने तो चौथ्यांदा दाबण्याचे टाळतो. संपन्न घरातील मुलगा निकृष्ट यंत्र बाजूला सारून दुसरे घेतो. गरीब मुलाचा बाजूला सारला जातो तो आत्मविश्वास, आणि त्याची किंमत २,२७६ रुपयांच्या हिशेबात कोठेच धरलेली नव्हती. स्वस्त वस्तू गरिबाला चालते, हे आपल्या नियोजनाचे जुने गृहीतक आहे. वस्तुतः पहिल्याच भेटीचे यंत्र सर्वांत शहाणे आणि सहनशील असावयास हवे.

अडचणी आणखीही होत्या. त्या यंत्रात सिमकार्डाची सोय नव्हती. इंटरनेट हवे तर वाय-फाय हवे. २०११ साली तालुक्याच्या गावी किती महाविद्यालयांत वाय-फाय होते, हा प्रश्न नियोजकांना पडला नसेल असे मानवत नाही. भाषेचीही तीच कथा. अँड्रॉइडच्या त्या वेळच्या आवृत्तीला देवनागरीची जोडाक्षरे धड मांडता येत नसत. भारतीय विद्यार्थ्याला सज्ञान करण्यासाठी निघालेले यंत्र त्याच्या भाषेत निरक्षर असावे, हा विनोद दिल्लीला फारसा बोचला नाही.

तुलनेसाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. कर्जतनजीकच्या खैराट धनगरवाड्यातील एकशिक्षकी शाळेत २००७ साली ‘एक मूल, एक लॅपटॉप’ या योजनेची हिरवी-पांढरी यंत्रे आली. केंद्रीय मंत्रालयाने त्याआधीच, २००६ मध्ये, ती योजना नाकारली होती. किमतीबद्दलचे आणि शिक्षणशास्त्रीय उपयुक्ततेबद्दलचे आक्षेप अगदीच निराधार होते असेही नाही. परंतु त्या यंत्राचा पडदा उन्हातही वाचता येई, आणि ते मुलाच्या हातून पडणार हे गृहीत धरून घडविलेले होते. तेथे रचनेचा आरंभ मुलापासून झाला होता. आकाशचा झाला किमतीपासून.

राजस्थानची आयआयटी आणि कंपनी यांच्यात चाचण्यांच्या निकषांवरून वाद झडल्यानंतर २०१२ मध्ये हे काम मुंबईच्या आयआयटीकडे आले. प्रा. दीपक फाटक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यंत्राइतकेच लक्ष अध्यापकांकडे दिले, ही त्यातील सर्वांत शहाणपणाची गोष्ट. दूरस्थ कार्यशाळांतून हजारो अध्यापकांना त्याचा उपयोग शिकविण्यात आला. सायलॅब, पायथन, सी यांसारखी साधने त्यावर चालविण्यात आली. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते जे ‘आकाश-२’ आले, त्याचा पडदा हलक्या स्पर्शाला दाद देत होता, प्रक्रियक एक गिगाहर्ट्‌झचा होता, स्मृती दुप्पट होती. किंमत मात्र वाढली नव्हती. याचा अर्थ पहिला आकाश मंद असणे हे स्वस्ताईचे अटळ फळ नव्हते. वर्षभर थांबण्याची तयारी नव्हती, इतकेच.

पुढे ही योजना गुंडाळली गेली, त्याचे फारसे कोणाला सोयरसुतकही उरले नाही. कारण तोवर फोन स्वस्त झाले आणि २०१६ नंतर इंटरनेटही. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा खेड्यापाड्यांतील मुलांचे वर्ग भरले ते बापाच्या फोनवर, आणि बाप कामावर जाताना तो घेऊन गेला की वर्ग त्या दिवसापुरता संपे. अलीकडे महाराष्ट्रात ‘महाज्योती’सारखी संस्था इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांना टॅबलेट आणि इंटरनेट देते, ही स्वागतार्ह गोष्ट आहे, ही यंत्रे पहिल्या आकाशहून कितीतरी चपळ आहेत. मात्र ती मिळतात प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी, म्हणजे दहावी ओलांडलेल्यांना. पहिली-दुसरीतल्या मुलाचे बोट पडद्यावर प्रथम टेकते ते अजूनही घरातल्या जुन्या, तडा गेलेल्या फोनवर.