वॉलब्रुकच्या चिखलातली उधारी

ऐका पोरांनो. आजची गोष्ट एका ओढ्याची आहे. ओढा लंडनचा. लंडन म्हटलं की तुम्हाला थेम्स आठवणार, पण थेम्सला येऊन मिळणारे ओढे आणि छोट्या नद्या पुष्कळ होत्या: फ्लीट, टायबर्न, वेस्टबोर्न, एफ्रा आणि आपला वॉलब्रुक. आज नकाशावर यांतल्या काहींच्या नावाचे रस्ते सापडतील, पाणी दिसणार नाही. मग पाणी गेलं कुठे? कुठेच गेलं नाही. लंडनच्या पोटात चिकणमातीचा जाड थर आहे, त्यावर ठिकठिकाणी वाळू-गोटे. पाऊस गोट्यांतून झिरपतो, चिकणमातीपाशी अडतो आणि उताराने वाट काढतो. वर घरं बांधली म्हणून उतार काही बदलत नाही.

वॉलब्रुक वाहायचा लडगेट हिल आणि कॉर्नहिल या दोन टेकाडांमधून. इ. स. 43 मध्ये रोमन सैन्य ब्रिटनमध्ये उतरलं आणि थोड्याच वर्षांत या ओढ्याच्या दोन्ही काठांवर त्यांचं लोंडिनियम उभं राहिलं. पुढे इ. स. 200 च्या सुमारास त्यांनी गावाभोवती तटबंदी घातली. ओढ्यासाठी तटात मोऱ्या ठेवल्या होत्या, पण त्या तुंबत गेल्या आणि तटाबाहेर पाणी साचून मूरफील्ड्सची दलदल झाली. बाराव्या शतकातला फिट्झस्टीफन सांगतो, हिवाळ्यात ही दलदल गोठली की गावची पोरं जनावरांच्या नडगीची हाडं पायांना बांधून बर्फावर सुसाट सुटत. रेटा द्यायला हातात लोखंडी टोकाची काठी. कुणाचा हात मोडे, कुणाचा पाय. तेही त्याने लिहून ठेवलंय, शहाण्याने.

पुढचं तुम्ही ओळखालच. वस्ती वाढली, मैला ओढ्यात आला, ओढ्याचं गटार झालं, गटारावर कमानी आणि कमानींवर घरं आली. 1598 साली जॉन स्टोने लंडनचं वर्णन प्रसिद्ध केलं, तोवर वॉलब्रुक पार झाकला गेला होता. तो नेमका कुठून जातो, हे ठाऊक असणारे थोडेच उरले होते.

आता गंमत ऐका. दुसऱ्या महायुद्धात बाँब पडून तो भाग उद्ध्वस्त झाला. तिथे नवी इमारत बांधण्याआधी उत्खनन झालं आणि 1954 साली वॉलब्रुकच्या काठावरचं मिथ्र या देवाचं रोमन देऊळ सापडलं. बघायला लोकांच्या रांगाच रांगा लागल्या. त्याच परिसरात 2010 नंतर पुन्हा मोठी खोदाई झाली आणि ओढ्याकाठच्या ओल्या मातीतून 405 लाकडी पाट्या निघाल्या.

पाटी म्हणजे चौकोनी फळी. तिला मधे खोलगट भाग, त्यात काळपट मेण. अणकुचीदार लेखणीने मेणावर लिहायचं. मेण कधीच गेलं, पण लेखणीचे ओरखडे खालच्या लाकडावर उमटले होते, ते राहिले. अशा एका पाटीवर तारीख आहे 8 जानेवारी, इ. स. 57. तिबुल्लस नावाचा, गुलामीतून सुटलेला माणूस कबूल करतो की मालाच्या किमतीपोटी आपण ग्रातस नावाच्या माणसाचे 105 दिनार देणे लागतो. ब्रिटनमधला तारीख असलेला हा सगळ्यात जुना हस्तलिखित दस्तऐवज! ना राजाचं फर्मान, ना स्तोत्र. उधारी!

“आजोबा, लाकूड कुजलं कसं नाही?”

बरोबर विचारलंस. आजी लोणच्यावर तेलाचा थर का ठेवते? हवा आत जाऊ नये म्हणून. हवा नाही तर बुरशी नाही. चिखलाचंही तेच. हवेतून प्राणवायू सहज पसरतो, पाण्यातून त्याच्या सुमारे दहा हजारपट सावकाश. पाण्याने गच्च भरलेल्या मातीत जो थोडासा प्राणवायू असतो, तो जिवाणू लगेच फस्त करतात. लाकूड खाणाऱ्या बुरशीला मग तिथे जगताच येत नाही. कातड्याच्या वस्तूही अशाच टिकल्या. आणि म्हणूनच पाटी बाहेर काढल्यावर उन्हात ठेवायची नाही! ओलीच ठेवायची, मेणासारखं द्रव्य तिच्यात मुरवायचं, मग गोठवून सुकवायचं. नाहीतर दोन हजार वर्षं टिकलेलं लाकूड बघता बघता आकसून तडकेल.

त्याच जागी 2017 मध्ये स्पॅनिश शिल्पकार क्रिस्तिना इग्लेसियास यांनी ‘फॉरगॉटन स्ट्रीम्स’ हे शिल्प केलं. फरसबंदी तीन ठिकाणी खाली उतरवली, तिथे काशाची गुंतलेली मुळं, पानं, डहाळ्या ओतून बसवल्या आणि त्यावरून संथ पाणी सोडलं. मला आवडतं ते हे की बाईंनी कारंजं उडवलं नाही. वॉलब्रुक काही उड्या मारणारा ओढा नव्हता. अर्थात हे पाणी त्याचं नाही, पंपाने खेळवलेलं आहे. पण ऑफिसला निघालेला माणूस थबकतो, वाकून बघतो, हे काय म्हणून विचारतो. शिवाय ते देऊळही आता तिथेच, रस्त्याखाली सुमारे 7 मीटरवर, फुकट बघता येतं.

याहून खट्याळ काम झालं ते दक्षिण लंडनमध्ये, एफ्रा नदीसाठी. 1992 साली ‘प्लॅटफॉर्म’ या कलावंतांच्या गटाने चक्क ‘एफ्रा पुनर्विकास संस्था’ काढली आणि गाडलेली नदी उकरून वर आणायची योजना जाहीर केली. संस्था लुटुपुटुची, पण तिने प्रश्न विचारला तो खरा: नदी परत आणायची, तर कुणाच्या दारातून? आता लँबेथ भागातल्या फुटपाथवर ओतीव लोखंडाचे फलक बसवले आहेत. तुमच्या पायाखाली एफ्रा आहे, असं ते जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगतात.

वेस्टबोर्न तर डोक्यावरून जाते! स्लोन स्क्वेअर स्टेशनात फलाटांच्या वर एक जाडजूड लोखंडी नळ आडवा गेलाय. त्यात ती नदी आहे. खाली उभ्या असलेल्या बहुतेकांना ते माहीत नसतं.

आणि फ्लीट ऐकायची असेल, तर क्लार्कनवेलला रे स्ट्रीटवर एका पबसमोर गटाराची जाळी आहे, तिला कान लावायचा. गाड्यांची वर्दळ नसेल अशी वेळ बघा. गुडघे टेकून रस्त्यावर ओणवं व्हावं लागेल, तेव्हा जुनी पँट घालून जा, नाहीतर तुमची आई मला बोलेल.