साखर उतरली म्हणून आनंदलो, पण…

"अगं, माझा डायबिटीस बरा झाला बघ!" दोन वर्षांपूर्वी दिवाळीत मोठ्या जाऊबाई मला कौतुकाने सांगत होत्या. चौदा वर्षांचा मधुमेह, पण साखर आपोआप कमी येत होती. इन्शुलिन निम्म्यावर आलं होतं. घरात सगळं श्रेय कारल्याच्या रसाला मिळालं.

त्यांचे पाय मात्र सुजायचे. "दिवसभर ओट्यापाशी उभी असते, सुजणारच," असं त्याच म्हणायच्या. गुडघे दुखले की मेडिकलमधून गोळी आणायची, की झालं! पुढे जेवण जाईना, उलट्या सुरू झाल्या, तेव्हा रक्त तपासलं. क्रिएटिनिन साडेसहा!

डॉक्टरांनी समजावलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. रक्तातल्या इन्शुलिनचा निचरा करण्यात मूत्रपिंडांचा मोठा वाटा असतो. ती थकली की इन्शुलिन जास्त वेळ रेंगाळतं आणि साखर उतरते. आम्ही ज्याला 'बरं होणं' समजलो, तो किडनी बिघडल्याचा इशारा होता. आता जाऊबाई आठवड्यातून तीनदा पहाटेची एसटी पकडून डायलिसिसला जातात.

मैत्रिणींनो, मलाही आठ वर्षांपासून मधुमेह आहे. यांच्या तपासण्यांची फाइल मी तारखेवार लावून ठेवते, माझी मात्र फाइलच नव्हती! घाबरतच लघवीतलं अल्ब्युमिन तपासलं. 30 च्या आत हवं, माझं 85 निघालं. त्रास म्हणाल तर काहीच नव्हता. किडनीचा आजार सुरुवातीला असाच मुकाट्याने येतो. "वेळेवर आलात," डॉक्टर म्हणाले. रक्तदाबाची गोळी बदलली, लोणचं-पापड ताटातून गेलं, मनाने वेदनाशामक गोळ्या घेणं बंद झालं. सहा महिन्यांनी आकडा 40 वर आला.

टाइप 2 मधुमेह असेल, तर निदान झाल्यापासूनच वर्षातून एकदा दोन तपासण्या करायच्या. लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचं प्रमाण आणि रक्तातलं क्रिएटिनिन. त्यावरून किडनीचं काम, म्हणजे ईजीएफआर, काढतात. तो तीन महिन्यांहून जास्त काळ 60 च्या खाली राहिला, तर आजार जुनाट समजायचा. आणि औषध न वाढवता साखर अचानक उतरू लागली, तर पेढे वाटण्याआधी डॉक्टरांना गाठा.

जाऊबाई परवा म्हणाल्या, "माझं राहू दे, तुझी फाइल झाली ना?" झाली, वहिनी. तुमच्यामुळेच झाली.