कर्कशतेचे प्रयोजन

इंग्लंडमधील ‘नापाम डेथ’ या वाद्यवृंदाची ‘स्कम’ ही पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका १९८७ च्या जुलै महिन्यात प्रसिद्ध झाली. सुमारे ३३ मिनिटांच्या या तबकडीत २८ गाणी आहेत आणि त्यांतील एक तर अवघ्या १.३१६ सेकंदांचे आहे. जगातील सर्वांत लहान ध्वनिमुद्रित गाणे म्हणून गिनेस बुकाने त्याची नोंद केलेली आहे. एवढी माहिती पुरवली की बहुतेक सुशिक्षित माणसे हसतात आणि विषय संपतो. तो तेथे संपू नये, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ही तबकडी माझ्या कानी पडली ती तिच्या प्रसिद्धीनंतर साडेतीन दशके उलटून गेल्यावर. ज्या वयात माणसे नवे संगीत शोधण्याचे सोडून देतात त्या वयात. इतक्या उशिरा ऐकल्याने काय हाती लागते आणि काय निसटते, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

‘नापाम’ म्हणजे व्हिएतनामवर ओतला गेलेला, अंगाला चिकटून जाळणारा तो कुप्रसिद्ध ज्वालाग्राही द्रव. ‘स्कम’ या शब्दास मराठीत नेमका प्रतिशब्द गुऱ्हाळात सापडतो: उसाचा रस कढत असता वर येणारी आणि झाऱ्याने काढून फेकली जाणारी मळी. समाजाने ज्यांना अशी मळी ठरवले, त्यांच्या वतीने हा आक्रोश आहे. तो कोठून उठला हे पाहिल्यावाचून त्याचा अर्थ लागत नाही.

बर्मिंगहॅमजवळच्या मेरिडन या खेड्यात निक बुलेन आणि माइल्स रॅटलेज या दोन शाळकरी मुलांनी १९८१ साली हा वृंद स्थापन केला. मेरिडनला ‘ट्रायम्फ’ मोटारसायकलींचा कारखाना होता. मालकांनी तो बंद करण्याचे ठरवले तेव्हा १९७३ साली कामगारांनी त्यास वेढा देऊन तो ताब्यात घेतला, १९७५ पासून सहकारी तत्त्वावर चालवून दाखवला आणि अखेर १९८३ मध्ये त्याचे दिवाळे निघाले. गावातील मुले वाढली ती या पार्श्वभूमीवर. बर्मिंगहॅमचा कारखान्यांशी आणि कर्कश संगीताशी संबंध तर त्याहून जुना. याच शहरातील पत्र्याच्या कारखान्यात टोनी आयोमी या तरुण कामगाराच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके यंत्राखाली तुटली. तो डावखुरा असल्यामुळे गिटारीच्या तारा दाबण्याचा हात नेमका तोच. त्याने प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणे केली, पुढे तारा सैल करून त्या खालच्या स्वरांत लावल्या, आणि त्यातून ‘ब्लॅक सॅबथ’चा तो जड, काळवंडलेला नाद जन्मास आला. ‘हेवी मेटल’ या नावाने जे संगीत ओळखले जाते त्याचा उगम असा एका औद्योगिक अपघाताशी जाऊन भिडतो. १९७० साली ‘ब्लॅक सॅबथ’ची पहिली तबकडी निघाली, त्यानंतर सतरा वर्षांनी त्याच शहराने ‘स्कम’ जगापुढे ठेवली. पहिल्या वेळी कारखाने चालू होते, दुसऱ्या वेळी ते बंद पडत होते.

हा फरक लहान नव्हे. १९८२ च्या जानेवारीत ब्रिटनमधील बेकारांची नोंदलेली संख्या तीस लाखांवर गेली आणि पुढली चार-पाच वर्षे ती त्याच पातळीच्या आसपास रेंगाळली. मिडलंड्स हा तर देशाचा कारखान्यांचा गाभा. खाणकामगारांचा वर्षभर चाललेला संप १९८५ च्या मार्चमध्ये मोडून पडला होता. ग्रीनहॅम कॉमनच्या तळावर अमेरिकेची क्रूझ क्षेपणास्त्रे येऊन दाखल झाली होती. १९८७ च्या जूनमध्ये श्रीमती थॅचर तिसऱ्यांदा निवडून आल्या आणि काही आठवड्यांतच ही तबकडी बाजारात आली. बेकारभत्त्यावर जगणारी मुले, स्पार्कहिल भागातील ‘मर्मेड’ नावाच्या दारूच्या गुत्त्याच्या वरच्या मजल्यावर भरणारे कार्यक्रम, पत्राने देवघेव होणाऱ्या कॅसेटी आणि यंत्रावर छापलेली घरगुती मासिके, एवढेच काय ते या मंडळींचे भांडवल. अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या फ्लिंट या मोटारींच्या गावातील ‘रिपल्शन’ या अशाच एका वृंदाच्या कच्च्या कॅसेटी टपालाने इंग्लंडात पोचत आणि इकडची मुले त्यांची पारायणे करीत. मोटारी बनवणाऱ्या दोन गावांतील मुले अशी एकमेकांचे ऐकत होती.

तबकडीची घडण तर विलक्षणच म्हटली पाहिजे. तिची पहिली बाजू १९८६ च्या ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमच्या एका स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाली. खर्च अवघा पन्नास पौंड, असे सांगतात. तीत बुलेन गातो व बास वाजवतो, जस्टिन ब्रॉडरिक गिटार वाजवतो आणि मिक हॅरिस ढोल सांभाळतो. त्यानंतर बुलेन व ब्रॉडरिक दोघेही निघून गेले. १९८७ च्या मे महिन्यात दुसरी बाजू मुद्रित झाली तेव्हा गायक ली डोरियन, गिटारवर बिल स्टीअर, बासवर जिम व्हाइटली. जुना असा एकटा हॅरिसच उरला. नॉटिंगहॅमच्या ‘इअरेक’ या नवख्या प्रकाशनाने दोन्ही बाजू एकत्र करून विकावयास काढल्या. एका नावाखाली दोन निरनिराळे वृंद आणि त्यांना जोडणारा एकच ढोलकरी असा हा प्रकार आहे. पुढे तर तोही गेला. आज त्या नावाने जो वृंद जगभर गातो त्यात ‘स्कम’वर वाजवलेला एकही माणूस नाही.

आता प्रत्यक्ष नादाविषयी. पहिले गाणे बहुराष्ट्रीय कंपन्यांवर आहे. ते गाणे कसले, गिटारींच्या घरघरीवर उच्चारलेला आरोप आहे. आणि ज्या देशाने १९८४ च्या डिसेंबरात भोपाळ पाहिले त्या देशातील श्रोत्यास तो पोरकट वाटण्याचे कारण नाही. त्यानंतर मात्र गती सुटते. हॅरिसच्या वादनाची खूण असलेल्या ठेक्यास ‘ब्लास्ट बीट’ म्हणतात आणि हे नाव रूढ करण्याचे श्रेयही सामान्यतः त्यालाच दिले जाते. उजव्या-डाव्या हाताचे आणि पायाचे आघात एकाआड एक इतक्या त्वरेने पडतात की ते सुटे ऐकू येत नाहीत. त्यांची एक अखंड थरथर होते. आपल्याकडे दुगुण, चौगुण करीत लय वाढते तेव्हाही समेचे भान सुटत नाही. किंबहुना समेवर येण्याचे सुख अधिक वाढावे म्हणूनच ती वाढते. येथे लय एका मर्यादेपलीकडे गेली की लयच उरत नाही, तिचा नुसता पृष्ठभाग होतो. यंत्र सुरू असताना त्याचा एकेक ठोका कोण मोजतो? मला या तबकडीतील सर्वांत मोठी कल्पकता येथे दिसते. आणि ती सरसकट वापरलेली नाही. पहिल्या बाजूवरील ‘सीज ऑफ पॉवर’ जवळजवळ चार मिनिटे चालते. ते मध्येच जड पावलांनी चालू लागते, आणि पुन्हा स्फोट होतो तेव्हा तो खरोखर स्फोट वाटतो. दुसऱ्या बाजूवर ही विश्रांती फारशी नाही. तेथील सोळा गाण्यांपैकी बरीचशी एकमेकांपासून वेगळी ओळखता येत नाहीत. ही तबकडी पूज्य मानणारे लोक दुसऱ्या बाजूसही तितकेच मानतात. माझ्या मते पहिली बाजू निःसंशय श्रेष्ठ आहे.

शब्द ऐकू येत नाहीत, हा या संगीतावरील नेहमीचा आक्षेप. तो खरा आहे. घशाच्या तळातून निघणाऱ्या त्या गुरगुरीतून एखादे अक्षर कळले तरी पुष्कळ. परंतु ख्यालाच्या बंदिशीतील शब्द तरी आपणांपैकी किती जणांना कळतात? ते कळले नाहीत म्हणून आपण मैफलीतून उठून जात नाही. फरक इतकाच की ख्यालात शब्द गौण मानले आहेत, आणि येथे प्रत्येक गाणे काहीतरी सांगण्यासाठी, पटवण्यासाठी लिहिलेले आहे. ज्याला जगास काही सांगावयाचे आहे त्याने ते न कळेल असे का सांगावे? याचे समाधानकारक उत्तर या मुलांपाशी होते असे वाटत नाही. छापील शब्द वाचून पाहिले तर ते सतरा-अठरा वर्षांच्या मुलांनी लिहावे तसे आहेत. युद्ध, धर्म, नोकरीची गुलामी, पैसेवाल्यांचे यश यांवर त्यांत सरळ घाव आहेत, बारकावा थोडा. पत्रकाची भाषा आणि पत्रकाचाच आवेश. मात्र ते सव्वा सेकंदाचे गाणे या आक्षेपातून सुटते. माणसाच्या दुःखाचे कारण विचारणारा एकच प्रश्न त्यात आहे आणि उत्तरासाठी जागा मुळी ठेवलेलीच नाही. बीबीसीच्या रेडिओ वनवरील जॉन पील हा निवेदक ते मोठ्या कौतुकाने वाजवी. सार्वजनिक नभोवाणीच्या ध्वनिक्षेपकावरून हे गाणे घरोघर गेले आणि १९८७ च्या सप्टेंबरात पीलने या वृंदास स्वतःच्या कार्यक्रमासाठी ध्वनिमुद्रण करावयास बोलावले, ही त्या माणसाच्या कानाची आणि त्या संस्थेच्या सहिष्णुतेची साक्ष होय. असो.

एवढ्या वर्षांनी ऐकणाराचे नुकसान उघड आहे. त्यास धक्का बसत नाही. नंतरच्या पिढ्यांनी याहून वेगवान, याहून सफाईदार आणि याहून भयंकर संगीत केले आणि त्याचा अंश चित्रपटांतून, जाहिरातींतूनसुद्धा आपल्या कानांवर आदळून गेलेला असतो. शिवाय ही तबकडी आता तबकडी राहिलेली नाही. पहिल्या बाजूचे शेवटचे गाणे ते सव्वा सेकंदाचे. त्यानंतर १९८७ च्या श्रोत्यास उठावे लागे, सुई उचलून तबकडी उलटावी लागे. तेवढ्या वेळात नऊ महिने लोटत आणि माणसे बदलत. आज भ्रमणध्वनीवर ऐकताना बारावे गाणे संपते न संपते तोच तेरावे सुरू होते, आणि मधली ती दरी कोणालाच दिसत नाही. परंतु उशिरा येणाऱ्यास एक गोष्ट दिसते जी तेव्हाच्या श्रोत्यास दिसणे कठीण होते: या कोलाहलातील काटकसर. त्यात उधळपट्टी नाही, वादकाने स्वतःचे कौशल्य मिरवावे अशी एकही जागा नाही. गाणे म्हणावयाचे तेवढे म्हणून संपते. त्याच काळात मेटल संगीतातील बडी मंडळी लांबलचक गिटारवादनात आणि केसांच्या शोभेत रमली होती, हे ध्यानी घेतले म्हणजे या काटकसरीचे मोल कळते.

कालांतराने प्रत्येक बंडखोरास संग्रहालयात जागा मिळते, तशी ती यांनाही मिळाली. पण कशी ते पाहण्यासारखे आहे. कीथ हॅरिसन या कुंभकलाकाराने वेस्ट ब्रॉमिच येथील कामगारवस्तीच्या उंच इमारतींवरून स्फूर्ती घेऊन मातीच्या फरश्या बसवलेले ध्वनिवर्धकांचे मनोरे तयार केले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात १९१३ नव्हे, २०१३ च्या मार्चमध्ये ‘नापाम डेथ’ने त्यांतून वाजवावे आणि त्या नादाने त्या फरश्या तडकून गळून पडाव्यात, अशी योजना होती. आयत्या वेळी संग्रहालयाने कार्यक्रम रद्द केला. त्या आवाजाने मूळ वास्तूसच इजा होईल, अशी भीती वाटली म्हणून. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात बेक्सहिलच्या समुद्रकाठच्या सभागृहात तो पार पडला. संग्रहालयाच्या व्यवस्थापकांनी नकळत या संगीताचे जे रसग्रहण केले, तितके नेमके कोणा समीक्षकास साधलेले मला आढळले नाही.

वास्तूला धोका असेल; सत्तेला आहे काय? याची परीक्षा दोन वर्षांनी झाली. २०१४ साली इंडोनेशियाच्या राष्ट्राध्यक्षपदी आलेले जोको विडोडो हे या संगीताचे उघड चाहते. ‘नापाम डेथ’चे नाव छापलेला सदरा घातलेले त्यांचे छायाचित्र पुष्कळांनी पाहिले आहे. जाकार्ताचे राज्यपाल असताना ‘मेटालिका’च्या बासवादकाने त्यांना आपले वाद्य भेट दिले होते, ते त्यांनी रीतसर भ्रष्टाचारविरोधी आयोगाच्या स्वाधीन केले, असा त्यांचा लौकिक. अमली पदार्थांच्या तस्करीबद्दल मृत्युदंड झालेल्या अँड्र्यू चॅन आणि मयूरन सुकुमारन या दोन ऑस्ट्रेलियन तरुणांना जीवदान द्यावे, असे जाहीर आवाहन २०१५ च्या आरंभी ‘नापाम डेथ’चा गायक बार्नी ग्रीनवे याने या आपल्या चाहत्यास केले. आमची गाणी तुम्हांस समजली असतील तर हिंसेचे हे चक्र थांबवा, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. त्याच कारणासाठी टोनी आयोमीनेही राष्ट्राध्यक्षांना लिहिले. तोच, पत्र्याच्या कारखान्यात बोटे गमावलेला. २९ एप्रिल २०१५ रोजी मध्यरात्र उलटल्यावर नुसाकंबांगन बेटावर त्या दोघांसह आठ जणांना गोळ्या घालण्यात आल्या.