'फास्टर फेणे'चा पुनरारंभ आणि जुन्या वाचकांची द्विधा मनःस्थिती

प्रस्तावना

एखादी कथामालिका दोन-तीन पिढ्यांनी वाचली की तिच्यावर लेखकाप्रमाणेच वाचकांचाही एक हक्क निर्माण होतो. हा हक्क कायद्याने दिलेला नसतो. तो आठवणींतून आलेला असतो. म्हणूनच अशी मालिका नव्या कलावंतांच्या हाती जाऊन पुन्हा पहिल्यापासून मांडली जाते, तेव्हा जुन्या चाहत्यांच्या मनात आनंद आणि अस्वस्थता एकाच वेळी दाटून येतात. पाश्चात्त्य विज्ञानपटांच्या संदर्भात या द्विधा मनःस्थितीची बरीच चर्चा झाली आहे. मराठीत तिचा ठळक प्रत्यय २०१७ साली 'फास्टर फेणे' हा चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा आला. फास्टर फेणेच्या कथा काटेकोर अर्थाने विज्ञानकथा नव्हेत, साहसकथा आहेत. परंतु त्यांचे लेखक भा. रा. भागवत (१९१०–२००१) हे ज्यूल व्हर्नच्या विज्ञानकादंबऱ्या मराठी मुलांपर्यंत पोहोचविणारे अग्रणी लेखक होते आणि दोन्ही प्रकारांचा वाचकवर्ग बहुतांशी एकच होता. या चित्रपटाच्या आधारे जुन्या चाहत्यांच्या संमिश्र भावनांचे स्वरूप आणि त्यांमागील कारणे स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पुनरारंभ : संकल्पना

जुनी कलाकृती नव्याने सादर करण्याचे तीन प्रकार येथे वेगळे करावे लागतात. पहिला माध्यमांतराचा. कागलचे सुपुत्र आनंद यादव यांच्या 'नटरंग' या कादंबरीवर रवी जाधव यांनी २०१० साली त्याच नावाचा चित्रपट केला आणि अतुल कुलकर्णी यांनी साकारलेला गुणा कागलकर महाराष्ट्रभर पोहोचला. येथे एक कादंबरी एका चित्रपटात आली. दुसरा प्रकार पुनर्निर्मितीचा. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी १९२५ साली 'सावकारी पाश' हा मूकपट केला आणि १९३६ साली त्याच कथेवर बोलपट काढला. येथे कथा तीच राहिली, तंत्र बदलले.

तिसरा प्रकार पुनरारंभाचा, ज्याला 'रीबूट' हा शब्द रूढ झाला आहे. यात नायक तोच राहतो. मात्र त्याचा काळ, वय, परिसर आणि कथानक नव्याने रचले जाते. माध्यमांतरात किंवा पुनर्निर्मितीत मूळ कथेशी तुलना करता येते. पुनरारंभात तुलनेसाठी कथाच उरत नाही, उरतो तो केवळ नायक. त्यामुळे 'हा तोच का?' हा प्रश्न अधिक तीव्र होतो.

पुस्तकांतील फास्टर फेणे

बनेश फेणे हा पुण्याजवळच्या फुरसुंगीचा मुलगा. तो पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकतो. अंगाने किडकिडीत, स्वभावाने चौकस, सायकलवर स्वार आणि विचारात पडला की जिभेने 'ट्टॉक' असा आवाज काढणारा. सुभाष देसाई, माली यांसारखे सोबती त्याच्याभोवती आहेत. सुमारे वीस पुस्तकांच्या या मालिकेत तो प्रतापगडावर जातो, काश्मीरला जातो, चक्रीवादळात सापडतो आणि विमानचोरांशीही झुंजतो.

या नायकाचे वैशिष्ट्य त्याच्या सामान्यपणात आहे. त्याच्याजवळ अद्भुत शक्ती नाही, पैसा नाही, शस्त्र नाही. डोळे उघडे ठेवणे आणि दुसऱ्याच्या संकटात उडी घेणे एवढेच त्याचे भांडवल. गावाकडून शहरात शिकायला आलेला मुलगा नायक होऊ शकतो, ही गोष्ट कागलसारख्या तालुक्याच्या गावातील वाचकाला जवळची वाटावी यात नवल नाही. १९८०च्या दशकात दूरदर्शनवर ही मालिका आली. किशोरवयीन सुमीत राघवन यांनी फेणे साकारला आणि अनेकांच्या मनात त्याला एक चेहरा मिळाला.

चित्रपटातील फास्टर फेणे

आदित्य सरपोतदार यांनी दिग्दर्शित केलेल्या चित्रपटाचे लेखन क्षितिज पटवर्धन यांचे असून रितेश देशमुख यांच्या संस्थेचा निर्मितीत सहभाग होता. अमेय वाघ यांनी साकारलेला बनेश वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात येतो. तेथे ओळख झालेल्या एका विद्यार्थ्याच्या मृत्यूचा शोध घेताना तो परीक्षेतील गैरव्यवहाराच्या मुळाशी पोहोचतो. गिरीश कुलकर्णी यांनी रंगविलेला खलनायक अप्पा हा या व्यवहाराचा सूत्रधार.

चित्रपटकर्त्यांना जुन्या वाचकांची जाणीव होती, हे एका योजनेवरून दिसते. ज्यांच्या घरी बनेश उतरतो, ते वृद्ध गृहस्थ म्हणजे खुद्द भा. रा. भागवत होत. ही भूमिका दिलीप प्रभावळकर यांनी केली आहे. निर्माता आणि निर्मिती यांना एका छपराखाली आणून नव्या फेणेला जणू लेखकाचा आशीर्वाद मिळवून दिला आहे. अशीच योजना २००९ सालच्या 'स्टार ट्रेक' या चित्रपटात आढळते. १९६६ ते १९६९ या काळातील मूळ मालिकेत स्पॉकची भूमिका करणारे लेनर्ड निमॉय तेथे वृद्ध स्पॉक म्हणून अवतरतात. कथा वेगळ्या कालप्रवाहात घडते असे दाखविल्याने जुन्या घटनाही अबाधित राहतात. दोन्हीकडे जुन्या चाहत्याची समजूत काढण्याचा हेतू उघड आहे. आणि समजूत काढावी लागते, याचाच अर्थ दुखावले जाण्याची शक्यता निर्मात्यांनी गृहीत धरली होती.

द्विधा मनःस्थितीचे स्वरूप

जुन्या वाचकाला आनंद होतो तो ओळखीचा. 'ट्टॉक' कानी पडताच चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची सुट्टीतील दुपार जागी होते. आपण ज्याच्यावर प्रेम केले तो विस्मृतीत गेला नाही, याचे समाधानही मोठे असते. अस्वस्थतेची कारणे याच्या उलट बाजूला आहेत. हाती मोबाइल असलेला फेणे, गुन्हेगारीने काळवंडलेले पुणे, खून आणि सूड यांची भडक छाया हे सारे त्या दुपारीशी जुळत नाही.

तथापि हा आक्षेप जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. खुद्द भागवतांनी व्हर्नच्या फ्रेंच कादंबऱ्या 'चंद्रावर स्वारी', 'पाताळलोकची अद्भुत यात्रा' अशा नावांनी मराठीत आणल्या आणि त्यांना घरगुती मराठीचा बाज दिला. त्याबद्दल मराठी मुलांनी तक्रार केली नाही. कारण त्यांच्याजवळ आधीचा व्हर्न नव्हता. जे प्रथम भेटते तेच मूळ वाटते. म्हणजेच चाहता ज्याचे रक्षण करू पाहतो ते पुष्कळदा कलाकृतीचे मूळ रूप नसून त्याच्या पहिल्या भेटीचे रूप असते. शिवाय प्रत्येक काळ आपल्या नायकाला आपली संकटे देतो. गावातून शहरात आलेल्या मुलाला आज स्पर्धापरीक्षांच्या बाजाराइतके मोठे संकट क्वचितच असेल. त्या दृष्टीने चित्रपटातील विषय फेणेच्या वृत्तीला धरूनच आहे. मोबाइल किंवा पोशाख हे मुद्दे त्यामुळे गौण ठरतात.

निसटलेला बालवाचक

मात्र जुन्या वाचकांच्या अस्वस्थतेत एक खरा मुद्दा दडलेला आहे आणि तो सहसा स्पष्टपणे मांडला जात नाही. चित्रपटात फेणेचे वय वाढले आहे. शाळकरी मुलगा प्रवेशपरीक्षा देणारा तरुण झाला आहे. शेरलॉक होम्सला २०१० साली बीबीसीने आजच्या लंडनमध्ये आणले, तेव्हा प्रौढ नायक प्रौढच राहिला. फेणेच्या बाबतीत बाल्य हा बाह्य तपशील नाही. मोठ्यांच्या जगात लहानाने पराक्रम करणे, हाच त्या कथांचा कणा आहे. दहा-बारा वर्षांच्या वाचकाला 'हे मलाही जमेल' असे वाटावे, यासाठी ते वय आवश्यक होते.

वय वाढविण्याचे कारण समजण्यासारखे आहे. मालिकेसोबत मोठा झालेला वाचक आता तिकीट काढणारा प्रेक्षक आहे आणि तरुण नायकाभोवती थरारपट रचणे व्यवसायाला सोयीचे असते. परंतु त्यामुळे एक विपरीत गोष्ट घडते. नायक पूर्वीच्या मुलांबरोबर मोठा होतो आणि आजच्या मुलांसाठी जागा रिकामी राहते. जुने चाहते नव्या फेणेवर रुष्ट असोत वा तुष्ट, दोन्ही वेळा चर्चा त्यांच्याच आठवणींभोवती फिरते. ज्याच्यासाठी हा नायक जन्मला, तो बालवाचक या चर्चेत कोठेच नसतो.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, जुन्या चाहत्यांच्या संमिश्र भावना हा केवळ हटवाद नव्हे आणि निव्वळ स्मरणरंजनही नव्हे. काळ व परिसर बदलण्याला त्यांनी घेतलेला आक्षेप टिकणारा नाही. पण नायकाचे बाल्य हरपल्याची त्यांची हळहळ योग्य आहे. कोणत्याही पुनरारंभाची कसोटी 'जुन्याशी किती जुळते' ही नसावी. मूळ कलाकृती ज्या वाचकाला उद्देशून होती, त्या वयाच्या आजच्या वाचकाला ती काही देते का, ही असावी.

या कसोटीचा संबंध अध्यापकांशीही येतो. मराठीच्या वर्गात येणारा विद्यार्थी वाचनाची सवय महाविद्यालयात लावून घेत नाही. ती बालपणी लागलेली असते किंवा लागलेलीच नसते. भागवतांची पुस्तके आजही उपलब्ध आहेत. चित्रपट पाहून मूल त्या पुस्तकांकडे वळले, तर पुनरारंभ सार्थकी लागला असे मानता येईल. पण ते आपोआप घडत नाही. त्यासाठी पुस्तक मुलाच्या हाती देणारे कोणी तरी लागते. फास्टर फेणेवर ज्यांचे खरोखर प्रेम आहे, त्या जुन्या वाचकांनाच हे काम करावे लागेल.