पाणी का तापत नाही?

तांब्याचा बंब ज्यांच्या घरी होता, त्यांना हा प्रश्न नवा नाही. पाणी तापेना, की घरातले जाणते माणूस प्रथम जाळीखालची राख काढी, मग मधल्या नळकांड्यातली काजळी झाडी, आणि तरीही जमेना तर लाकूड ओले आहे का ते पाही. बंबाचे सारे काम डोळ्यांपुढे चाले. आता पुष्कळ घरांत त्याच्या जागी विजेचा गिझर आला आहे. तो पडला बंद डबा. त्यामुळे तो रुसला, की आपण गोंधळून जातो. पण विचारायचे प्रश्न तेच आहेत. उष्णता तयार होते का? ती पाण्यात उतरते का? आणि तापलेले पाणी बादलीपर्यंत गरम पोचते का?

त्याआधी थोडे गणित करू. शिक्षकबंधूंनी ते वर्गात अवश्य घालावे. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायचे, म्हणजे १५ गुणिले ३५, एकूण ५२५ किलोकॅलरी उष्णता हवी. २,००० वॉटचा गिझर मिनिटाला सुमारे २९ किलोकॅलरी देतो. म्हणजे अठरा मिनिटे लागणारच! पाच मिनिटांत पाणी कोमट आले, तर तो गिझरचा दोष नव्हे. तसेच हे पाणी गार पाण्यात मिसळून ४० अंशांचे केले, तर हिशेबाने ३५ लिटर होते, म्हणजे जेमतेम दोन बादल्या. तिसरी गार निघाली तर गिझरला बोल लावू नये.

आता आपल्या खेड्यांतली गोष्ट. २३० व्होल्टऐवजी १८० व्होल्टच दाब येत असेल तर काय होईल? दाब पाव हिश्शापेक्षा कमीच घटला. पण उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणून ती सुमारे ६१ टक्केच उरते. अठरा मिनिटांचे काम अर्ध्या तासावर जाते. पंप सुरू असताना पाणी तापत नाही आणि रात्री छान तापते, असे होत असेल तर दोष गिझरात नाही, तारांतल्या दाबात आहे.

पाणी मुळीच तापत नसेल, तर प्रथम दिवा पाहा. दिवा लागत नसेल तर एमसीबी पडली आहे का, ते पाहा. या गिझरला जवळजवळ ९ अँपिअर प्रवाह लागतो. त्याला १६ अँपिअरचेच सॉकेट हवे. लहान सॉकेटात घातला तर पिना तापतात, काळ्या पडतात. दिवा लागतो पण पाणी थंडच, असे असेल तर बहुधा कॉईल तुटली आहे किंवा आतल्या सुरक्षा-कळीने प्रवाह तोडला आहे. ही तपासणी वायरमनचीच.

बोअरचे पाणी जड असेल तर कॉईलवर पांढरा क्षार बसतो. बंबात काजळी धरली, की उष्णता धुराड्यातून वर निघून जाई. इथे तिला दुसरी वाटच नाही. म्हणून कॉईलच जास्त तापते आणि शेवटी जळते. अशा ठिकाणी वर्षा-दोन वर्षांनी टाकी साफ करून घ्यावी.

आणि पाणी तापते, पण नळाला कोमटच येते? मग नळजोडणी पाहा. गार पाणी टाकीच्या तळाशी शिरते, गरम पाणी वरून निघते. नळ्या उलट जोडल्या, की वरच्या गरम पाण्यात गार पाणी मिसळते.

शेवटी एक कळकळीची विनंती. सुरक्षा-कळी वारंवार पडते म्हणून काही जण तिच्या तारा सरळ जोडून टाकतात, झडपेतून पाणी ठिबकते म्हणून ती बुजवतात. असे कदापि करू नका. बंबाचे तोंड उघडे असे. गिझर बंद असतो. पाणी आत उकळत राहिले तर टाकी फुटू शकते. गिझर लावताच आरसीसीबी पडत असेल, तर बहुधा वीज पाण्यात वा टाकीच्या पत्र्यात उतरते आहे. ती काढून टाकणे म्हणजे राखण करणारा कुत्रा भुंकतो म्हणून त्यालाच हाकलणे. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आणि चांगले अर्थिंग, दोन्ही हवीत. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायला विसरू नका.

आणि आंघोळीपूर्वी गिझर बंद करा. बंबाशी चूक झाली तर फार तर हात भाजे. ओल्या अंगाला विजेचा धक्का बसला, तर चूक सुधारायला सवडही मिळत नाही.