प्रोग्रेसिव्ह भिंग

प्रोग्रेसिव्ह भिंग हे चष्म्याचे एक प्रकारचे भिंग असून त्याचा नंबर वरून खाली क्रमाक्रमाने बदलत जातो. चाळिशीनंतर जवळचे अस्पष्ट दिसू लागलेल्या व्यक्तींना त्यातून दूरचे, मधल्या अंतरावरचे व जवळचे पाहता येते. बर्नार मेतनाझ यांनी विकसित केलेले 'व्हॅरिलक्स' हे भिंग १९५९ मध्ये फ्रान्समध्ये बाजारात आले.

तक्रारी

नंबर बदलत जात असल्यामुळे भिंगाच्या दोन्ही बाजूंना प्रतिमा अपरिहार्यपणे विकृत होते. त्यामुळे सुरुवातीला कडेचे धूसर दिसते व जमीन हलल्यासारखी वाटते. बहुतेकांना काही दिवसांत ते दोन-तीन आठवड्यांत सवय होते. जिना उतरताना पायऱ्या वाचनाच्या भागातून धूसर दिसतात; वृद्धांना पडण्याचा धोका असल्याने मान झुकवून वरच्या भागातून पाहणे आवश्यक ठरते.

निवारण

प्रत्येक तक्रारीचे कारण चुकीचा नंबर नसते. दूरचे पाहताना हनुवटी खाली घ्यावी लागत असल्यास भिंग प्रमाणापेक्षा वर बसलेले असते. वाचताना हनुवटी फार उचलावी लागत असल्यास ते खाली बसलेले असते. भिंगावर एकमेकांपासून ३४ मिलिमीटर अंतरावर दोन सूक्ष्म कायमस्वरूपी खुणा असतात. त्यांच्या आधारे चष्मेविक्रेता भिंगाचा जोडबिंदू पुन्हा आखतो आणि तो बाहुलीसमोर येतो का, हे तपासतो. थोडा फरक नाकावरील पॅड वा फ्रेमचा कल बदलून दूर होतो. त्यानंतरही त्रास राहिल्यास नंबर पुन्हा तपासला जातो. अचानक दृष्टी कमी होणे किंवा दुहेरी दिसणे यांसाठी मात्र नेत्रतज्ज्ञाकडून तातडीने तपासणी आवश्यक असते.